खेड्यातलं उन्हाळी शिबिर: झाड, माती, दोर आणि रंग

गावातल्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर घ्यायचं मनात असेल, तर त्याचं पहिलं काम होळीच्या आसपासच येऊन पडतं. तेव्हा धुऱ्याधुऱ्यांवर (शेताच्या बांधांवर) पळस फुललेला असतो. मे महिन्यात रंग करायला बसाल तेव्हा झाडावर एकही फूल नसेल, नवी पानं तेवढी असतील. म्हणून खाली गळलेली फुलं होळीलाच वेचून घ्या, सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत भरून आढ्याला टांगून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत भरली तर ओल धरून बुरशी येते. चार-पाच पायल्या वाळली फुलं तीस मुलांना पुरून उरतात.

हा लेख विदर्भातल्या खेड्यात ८ ते १४ वर्षांच्या पंचवीस-तीस मुलांचं दहा-बारा दिवसांचं शिबिर घेऊ पाहणाऱ्या शिक्षकांसाठी, ताईदादांसाठी, बचत गटाच्या किंवा युवक मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. सामान बाजारातून आणू नका, असं माझं पहिल्यापासून ठाम म्हणणं आहे. शहरातल्या दुकानात चमकीचा कागद, थर्माकोल, तयार किट असं सगळं मिळतं. पण शिबिर संपल्यावर ते मुलाच्या हाताशी राहत नाही आणि शिकलेलं तिथंच थांबतं. बोडीचा (छोट्या तळ्याचा) गाळ, अंबाडीचा वाख (सालीचा धागा), पळसाचं पान, बाभळीची शेंग हे सगळं घराभोवतीच असतं. त्यात हात बसला की पोट्टे पुढे वर्षभर आपापलं करत राहतात. हातकामातून शिक्षण ही कल्पना १९३७ साली वर्ध्याच्याच परिषदेत देशापुढे मांडली गेली. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ पासून ग्रामोद्योगांची साधनं जपून आहे. जवळ असाल तर शिबिराआधी एकदा स्वतः जाऊन बघून या.

तारखा आणि वेळ

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. त्यामुळे सुट्टी लांब वाटते, पण शिबिराला योग्य दिवस थोडेच असतात. निकाल लागल्यावर लगेच सुरू करा आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत, म्हणजे २०-२२ मेपर्यंत आटपा. नवतप्यात मुलांना घराबाहेर काढू नये.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा किंवा मेळघाटातलं जंगलालगतचं गाव असेल तर हिशेब वेगळा. तिथे मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. घरची माणसं पहाटे जंगलात जातात आणि मुलं पुडे बांधायला हाताखाली असतात. त्या घराची वर्षातली मोठी कमाई त्या दिवसांत होते. तिथे फळी (पत्ता विकत घेण्याचं केंद्र) बंद झाल्यावरच शिबिर ठेवा. त्याआधीच घ्यायचं असेल तर संध्याकाळी साडेपाच ते सात ही वेळ धरा.

इतर गावांत सकाळी साडेसहा ते पावणेदहा. दहानंतर एकही मूल रस्त्यावर नको. जागा शाळेची पडवी, देवळाचा सभामंडप किंवा चिंचेखालचा पार. पत्र्याच्या खोलीत नऊ वाजताच बसवत नाही.

मुलींबद्दल मुद्दाम सांगतो. सकाळी पाणी भरणं आणि लहान भावंडं सांभाळणं हे त्यांच्याच वाट्याला येतं, त्यामुळे नावं देऊनही त्या येऊ शकत नाहीत. घरोघरी जाऊन आयांशी बोला. भावंडाला सोबत आणायला मोकळीक द्या, त्या चिल्ल्यापिल्ल्यांसाठी एका कोपऱ्यात मातीचा ढीग आणि एक आजी बसवा. नळ येण्याची वेळ बघून हजेरी अर्धा तास मागेपुढे करा. एवढं केलं तरी पटावरच्या मुलींची संख्या बदलते.

शिकवणारी माणसं गावातच आहेत

शिबिराच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी गावात फिरा आणि यादी करा. दोर वळणारा आजा कोण, पत्रावळी लावणारी आजी कोण, बुरूडकाम कोण करतं, कुंभाराचा आवा अजून पेटतो का, रानातली सगळी पाखरं ओळखणारा ढोरकी (गुराखी) कोण. बहुतेक गावांत यातले दोघं-तिघं तरी सापडतात. त्यांना सन्मानाने बोलवा आणि दिवसाची पूर्ण मजुरी द्या. शेताचं काम बुडवून येणाऱ्या माणसाला नुसता शाल-नारळ देऊन परत पाठवू नका. पाहुण्या व्याख्यात्याच्या गाडीभाड्यात अशा चार माणसांचं मानधन निघतं.

आजोबांना भाषण करायला सांगू नका. हातात वाख द्या, समोर पाच मुलं बसवा, ते आपोआप शिकवायला लागतात. तुमचं काम मध्ये मध्ये प्रश्न विचारण्याचं. "आजोबा, इथे उलटा पीळ का दिला?" असं तुम्ही विचारलं की मुलंही विचारायला धजतात.

पाच-सहा मुलांचे गट करा. प्रत्येक गटात लहान-मोठी मुलं मिसळून हवीत, आणि आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस. रोज नवी वस्तू करायचा मोह टाळा. एका सामानाला सलग दोन-तीन दिवस द्या, कारण पहिल्या दिवशी हात फक्त ओळख करून घेतो. दुसऱ्या दिवशी मूल स्वतःहून "हे असं का झालं" म्हणू लागतं, आणि शिकणं खरं तिथून चालू होतं.

पहिल्या दिवशी झाड वाटून घ्या

प्रत्येक गटाने एक झाड निवडायचं आणि शिबिर संपेपर्यंत रोज वीस मिनिटं त्याच्याजवळ बसायचं. मोह, कडुलिंब, बाभूळ, उंबर, बहावा, विहिरीवर वाकलेली शिंदी, काहीही चालेल. रोज एकच प्रश्न द्या. सावली कुठवर पडते? सालीवर कोण राहतं? मुंग्या वर जाताना काय नेतात आणि खाली येताना काय आणतात? कोणता पक्षी नुसता टेकतो आणि कोणता खातो? उत्तर वहीत चित्र काढून लिहायचं. चित्र चांगलं की वाईट हा विषयच काढू नका, मुलानं काय पाहिलं तेवढं विचारा.

पळसाकडे गेलात तर "पळसाला पाने तीनच" ही म्हण तपासून घ्या. एका देठाला तीन पानं असतात. मधलं आणि कडेचं पान आकाराने सारखं आहे का, हे मुलांना ताडून बघू द्या. शेंगही हातात द्या. चपट्या पापडीत एकच बी असते आणि ती अगदी टोकाला. अशी शेंग उंचावरून सोडली की मुलांना बी टोकाला असण्याचं कारण न सांगता कळू लागतं.

मला सगळ्यात आवडतो तो धुळीचा धडा. संध्याकाळी पांदणीच्या कडेला हात-दीड हात जागेवरचे खडे वेचून काढा आणि चाळणीने बारीक धूळ पसरा. सकाळी साडेसहाला मुलांना तिथे न्या. मुंगसाची पावलं, सापाची सरपट, घोरपडीच्या शेपटीची रेघ, तितराचे तीन बोटांचे ठसे, भुंग्याची शिवण, असं काही ना काही उमटलेलंच असतं. मुलांनी आधी अंदाज करायचा, मग ढोरकीबाबांना बोलवायचं. ते ठसा बघून जनावर कुठून आलं, कुठे गेलं, चालत होतं की पळत होतं तेही सांगतात. नावं लिहिताना घरातलीच लिहा. वऱ्हाडी, झाडी, गोंडी, कोरकू, ज्या घरात जे नाव चालतं ते वहीत आलं पाहिजे. पुस्तकातलं नाव त्याच्याशेजारी नंतर लिहिता येतं.

माती

मातीला किमान तीन दिवस द्या, कारण वाळायला वेळ लागतो.

आपल्याकडची काळी कपाशीची माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात त्याच खेळण्याला पडतात. म्हणून वस्तू करण्याआधी माती तपासायची. बोडीचा गाळ, शेतातली काळी, नदीकाठचा पोयटा आणि घर लिपायची पांढरी माती असे नमुने मुलांना घरून आणायला सांगा. प्रत्येकीची बोटभर जाड पट्टी थापा, तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा ओढा आणि पट्टी सावलीत वाळू द्या. वाळल्यावर अंतर पुन्हा मोजा. ९ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी भरलं तर ती माती एकटी वापरू नका. तिच्यात चाळलेली रेती, चुलीची राख किंवा धानाचा बारीक कोंडा मिसळून पुन्हा पट्टी करा. टक्केवारी न शिकलेली मुलंसुद्धा "दहातलं एक गेलं" असं सहज बोलतात.

कामाची माती आदल्या दिवशी तयार करा. ढेकळं फोडा, चाळा, पाण्यात रात्रभर भिजवा, वरचं पाणी निथळू द्या आणि सकाळी पायाने तुडवा. तुडवणं मुलांनाच करू द्या. बोटाला चिकटेनाशी झाली आणि वाकवल्यावर चिरली नाही की झाली.

काय करायचं? बैल. त्याला तोड नाही. पोळा श्रावण अमावास्येला असतो आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलांना आपला बैल तेव्हा मिरवायचा असतो, त्यामुळे जीव ओतून करतात. पण मातीला हात लावण्याआधी गोठ्यात न्या. वर्धा-नागपूरकडे गवळाऊ जातीचा बैल बघायला मिळाला तर उत्तमच. तिथे विचारा: शिंग कानाच्या वर की मागे? वशिंड नेमकं कुठे सुरू होतं? मागचा पाय कुठे वाकतो? बसलेला बैल उठताना आधी पुढचे पाय उचलतो की मागचे? रोज गोठ्यात वावरणारी मुलंही शेवटच्या प्रश्नावर अडतात आणि मग बैल उठेपर्यंत हलत नाहीत. तो मागून उठतो, हे स्वतः पाहिलं की बसलेला बैल करताना पाय आपोआप नीट दुमडले जातात.

बैल घडवताना पाय वेगळे करून चिकटवू नका, गोळ्यातूनच ओढून काढा. शिंग, कान, वशिंड जोडावंच लागलं तर दोन्ही बाजू काडीने खरवडा, पातळ चिखल लावा आणि मग दाबा. शिंगं बारीक असल्यानं आधी वाळतात आणि गळून पडतात, म्हणून त्यांच्यावर ओल्या फडक्याची चिंधी ठेवा. पहिला दिवस पूर्ण बैल ओल्या पोत्याखाली, नंतर तीन-चार दिवस सावलीत. उन्हात ठेवला की संध्याकाळपर्यंत तडा गेलाच.

मुलांबरोबर भट्टी लावू नका. मे महिन्यात कुटार आणि पऱ्हाटीचे ढीग सगळीकडे पडलेले असतात, एक ठिणगी पुरते. कुंभारदादा आवा लावणार असतील तर त्यांच्याकडे द्या. नाहीतर कच्चाच ठेवून गेरू आणि चुन्याने रंगवा.

दोर

अंबाडीचा वाख आता कमी घरांत असतो. नायलॉनचा दोर स्वस्त पडू लागल्यापासून अंबाडी पाण्यात कुजवून सोलण्याचे कष्ट कोणी घेत नाही. तरी धुऱ्यावर अंबाडी लावणारी घरं आहेत, आठवडाभर आधी विचारून ठेवा. नाहीच मिळाला तर जुन्या सुती लुगड्याच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडा.

वाख थोडा ओला करा. दोन जुड्या घ्या, एक लांब आणि एक आखूड, म्हणजे पुढे जोड एकाच जागी येणार नाहीत. वरचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवा. दोन्ही पेड मांडीवर वेगवेगळे ठेवून तळहाताने पुढे लोटा, दोघांना एकाच दिशेचा पीळ बसतो. मग दोन्ही एकत्र धरून तळहात मागे ओढा, आता ते एकमेकांभोवती उलट्या दिशेने वळतात. पुढे पेड, मागे दोर. ही लय जमायला पाऊण तास लागतो आणि एकदा जमली की विसरत नाही. पेड आपला पीळ सोडवायला बघतात, पण तसं करताना दुसऱ्याला आणखी घट्ट आवळतात, म्हणून हात सोडला तरी दोर उसवत नाही. हे सांगण्याआधी मुलांना दोन्ही पीळ एकाच दिशेने देऊन बघू द्या. सगळं सुटून जातं तेव्हा कारण शोधायची घाई त्यांनाच होते.

दोर झाला की ताकद बघा. फांदीला बांधून खाली बादली अडकवा आणि तांब्या-तांब्याने पाणी ओता. तेवढ्याच वाखाच्या न वळलेल्या जुडीशी तुलना करा, किती तांब्यांना तुटतं ते वहीत लिहा. बादलीखाली पाय नको. ज्यांना गोडी लागेल त्यांना आजोबा तीन पेडी कासरा दाखवतील.

याच दिवशी सुगरणीचं खाली पडलेलं जुनं घरटं आणा. तिची वीण पावसाळ्यात असते, त्यामुळे मेमध्ये विहिरीवरची बहुतेक घरटी रिकामी असतात. तरी झाडावरचं काढू नका, मुनिया त्यात राहायला आलेल्या असू शकतात. पडलेल्या घरट्याचा एकेक धागा सोडवत गाठ शोधायला सांगा. नराने चोचीने पातीचं टोक कसं आतून बाहेर काढून अडकवलंय, हे अर्धा तास दोर वळलेल्या मुलालाच दिसतं.

पान आणि रंग

पत्रावळीचं काम सकाळी पहिल्यांदा घ्या, नऊनंतर पानं कडक होतात. पळसाची पानं वेगवेगळ्या झाडांवरून थोडी थोडी तोडा, फांदी मोडायची नाही. पाण्यातून काढून ओल्या कापडात ठेवा. टाचायला शिंदीच्या झाडणीच्या किंवा बांबूच्या बारीक काड्या. द्रोणात पाणी भरून किती वेळ टिकतं त्याची पैज लावा. पोहे-उपमा त्याच पत्रावळीवर वाढा.

रंगासाठी होळीची ती फुलं काढा. दोन मुठी फुलं एक लिटर पाण्यात अर्धा तास मंद उकळून गाळा आणि तीन वाडग्यांत ओता. एकात काही नाही, दुसऱ्यात चिमूट तुरटी, तिसऱ्यात चिमूट चुना. सोड्याने धुतलेल्या सुती कापडाचे तुकडे तिन्हींत बुडवा. साधा फिका पिवळा येतो, तुरटीचा उजळ पिवळा, चुन्याचा केशरी. चुना आणि चूल फक्त मोठ्यांनी हाताळायची. वाळलेल्या तुकड्याचा अर्धा भाग जाड कागदाने झाकून उन्हात ठेवा, आठवड्यात उघडी बाजू किती विटते ते दिसेल.

काळ्या शाईसाठी बाभळीच्या मुठभर शेंगा बिया काढून ठेचा, पाण्यात उकळा, गाळा आणि त्यात गंजके खिळे टाकून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी काळंशार झालेलं असतं. थोडा भिजवलेला डिंक घातला की बोरूने लिहिता येतं. या शाईने प्रत्येक गटाने गावाचा नकाशा काढावा: विहिरी, बोडी, मोठी झाडं, सापाचं वारूळ, पायवाटा. चित्रासाठी छापील नमुने देऊ नका. आपल्या आया-आज्या दिवाळीला भिंतींवर, उंबऱ्यावर, तुळशीपुढे जे काढतात ते मुलांना आधी बघू द्या आणि तिथून पुढे जाऊ द्या.

ऊन, विंचू, वीज

डोक्याला ओला दुपट्टा हवाच. दर अर्ध्या तासाने घंटा वाजवून सगळ्यांनी पाणी प्यायचं, तहान नसली तरी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून भांडं तयार ठेवा. ज्वारीची आंबील किंवा पन्हं दिलं तर मुलं आवडीने पितात. मूल बरळू लागलं, अंग तापून कोरडं पडलं तर सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, पंखा घाला आणि १०८ ला फोन लावा.

दगड, लाकूड, पोतं हाताने न उचलता काठीने आधी उलटवायचं, हा नियम पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. चावलेला भाग न हलवता थेट दवाखाना. सापाच्या विषावरची लस कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे हे आधी विचारून ठेवा. वाघाचा वावर असलेल्या गावात झाड शिवाराच्या आतलंच निवडा आणि वनरक्षकांना कळवल्याशिवाय जंगलाच्या कडेलाही जाऊ नका. मे महिन्यात अवकाळी ढग येतात. मोबाइलवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवा आणि गडगडाट ऐकू आला की झाडाखालून उठून पक्क्या इमारतीत जा.

शेवटचे दोन दिवस

मंडप, पाहुणे, बक्षिसं नकोत. गावाला सकाळी सातला बोलवा आणि प्रत्येक मुलाला घरच्या एका मोठ्या माणसाला काहीतरी शिकवू द्या. आईला दोर, बाबांना शाई, आज्याला धुळीतले ठसे. बाप मांडीवर वाख घेऊन बसतो आणि पोरगी "असं नाही बाबा, मागं ओढा" म्हणते, तेव्हा तिला आपल्याला किती येतं ते कळतं.

संध्याकाळचा एक तास आकाशाला द्या. मेमध्ये सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या शेपटीची कमान पुढे नेली की स्वाती आणि आणखी पुढे चित्रा सापडते. शून्य सावलीचा दिवस मुलांनी घरीच बघायचा: चंद्रपूरला २० मेच्या आसपास, यवतमाळला २२, नागपूरला २६. अंगणात एक काठी सरळ रोवून बारा ते सव्वाबाराच्या दरम्यान पडवीतून बघितलं तरी पुरे.

जाताना प्रत्येक गटाला आपल्या झाडाच्या बिया घरी न्यायला सांगा. बहाव्याचं बी टणक असतं, दगडावर एका बाजूने घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवावं लागतं, पण ते महिनोनमहिने टिकतं. निंबोळी आणि मोहाची टोळ (मोहाचं बी) यांची गोष्ट उलटी. पिकून पडल्यावर दोन-तीन आठवड्यांतच त्यांची उगवण्याची ताकद जाते, त्यामुळे जूनमध्ये पडतील तशा वेचून, गर धुऊन, लगेच लावायच्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, माती आणि शेणखत आत्ताच जमवून ठेवा. शाळा उघडली की वर्गशिक्षकांना झाडांच्या वह्या दाखवा आणि पिशव्या शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ ठेवायची परवानगी मागा.